नवा गुडघा आणि आपला गोठा



पूर्वी गावात कुणी गुडघा बदलून आले, तर लोक नवल म्हणून बघायला जात. आता तसे राहिले नाही. चार वाड्या फिरल्या तर दोन-तीन घरांत तरी नवा गुडघा किंवा नवा खुबा बसवलेली माणसे भेटतात. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हापासून शेतकऱ्याच्या घरातही या शस्त्रक्रियेचा विचार होऊ लागला. जन्मभर उकिडवे बसून धारा काढल्या, भात लावला, खुरपणी केली, त्या बाईला उतारवयात वेदनेशिवाय चालता यावे यासारखी समाधानाची गोष्ट नाही.

पण शहरातल्या माणसाचा नवा गुडघा घरी येतो तो फरशीवर. आपला येतो तो गोठ्यात. तिथे गाय आहे, शेळी आहे, दारात कुत्रे आणि चुलीपाशी मांजर आहे. या जनावरांच्या अंगावरचे काही जंतू माणसाच्या बसवलेल्या सांध्यात जाऊन ठाण मांडू शकतात. असे क्वचित घडते, पण घडले म्हणजे लाखांचा खर्च आणि वर्षभराचे हाल मातीला मिळतात. मी शेतीचा पदवीधर आहे, डॉक्टर नव्हे. म्हणून औषध सांगणार नाही. गोठ्याकडून गुडघ्याकडे जाणारी वाट कोणती आणि ती कशी बंद करायची, एवढेच सांगणार आहे.

सांध्यात काय बसवतात?

पुष्कळांना वाटते की पूर्ण गुडघा कापून नवा लावतात. तसे नसते. मांडीच्या हाडाचे झिजलेले टोक घासून त्यावर धातूची टोपी बसवतात. नडगीच्या हाडाच्या डोक्यावर धातूची चकती बसते आणि दोहोंच्या मध्ये टणक प्लॅस्टिकचा तुकडा असतो. हे सारे एका खास सिमेंटने हाडाला चिकटवतात. इंग्लंडमधल्या जॉन चार्न्ली या शल्यविशारदाने १९६२ मध्ये धातू, प्लॅस्टिक आणि सिमेंट वापरून खुब्याचा टिकाऊ सांधा बसवला. आजचे सांधे त्याच वाटेने पुढे आले आहेत.

सांधा बसवलेल्या शंभर जणांपैकी साधारण एक-दोघांना त्यात जंतुसंसर्ग होतो. बहुतेक वेळा ते जंतू आपल्याच कातडीवरचे असतात, जनावरांचे नव्हेत. जनावरांकडून आलेला संसर्ग त्या एक-दोघांतही फार थोड्यांना होतो. मग एवढे लिहायचे कशाला? कारण तो होणारी माणसे शहरात नाहीत, आपल्या घरात आहेत. आणि तो टाळणे बऱ्याच अंशी आपल्याच हातात आहे.

ठिबकच्या नळीतला थर

आपल्या हाडामांसात जंतू शिरला तर रक्त तिथे पोहोचते आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याच्याशी झुंजतात. औषधही रक्तातूनच जाते. पण धातूत रक्त फिरत नाही. जंतू धातूला चिकटला की तो आपल्याभोवती एक बुळबुळीत थर तयार करतो आणि त्याखाली सुखाने राहतो.

ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांना हे लगेच उमजेल. नळीत एकदा चिकट थर धरला की नुसते पाणी सोडून तो जात नाही. वरवर स्वच्छ दिसते आणि आठ दिवसांत पुन्हा तोट्या बंद. सांध्यावरच्या थराचे तसेच आहे. औषध चालू असते तोवर सूज ओसरते, औषध थांबले की पुन्हा येते. नळी आपण क्लोरीन सोडून धुतो. माणसाच्या सांध्यात क्लोरीन सोडता येत नाही.

गोठ्यातला मुख्य चोर

जनावरांकडून सांध्यात येणाऱ्या जंतूंत आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे ब्रुसेला. नाव परके वाटेल, पण रोग ओळखीचा आहे. गाय किंवा म्हैस सहाव्या महिन्यानंतर गाभडते, वार अडकते, पुढे उलटू लागते. एकीच्या मागोमाग दुसरी गाभडते. यालाच आपण सांसर्गिक गर्भपात म्हणतो. शेळ्या-मेंढ्यांतही तो होतो. आपल्या राज्यातल्या गोठ्यांत हा रोग आहे आणि बऱ्याच ठिकाणी तो आहे हे मालकालाच ठाऊक नसते.

या जंतूचा शोध मोठा बोधप्रद आहे. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर इंग्रज सैनिक तापाने महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळत. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने त्या तापाचा जंतू दाखवला. पण तो येतो कुठून हे कळेना. १९०५ मध्ये तिथल्याच थेमिस्टोक्लिस झामित या डॉक्टरने शेळ्यांचे रक्त तपासले आणि कोडे सुटले. बेटावर शेळ्या दारोदार नेऊन दूध काढून देत. त्या दिसायला धडधाकट होत्या, पण त्यांच्या दुधातून हा जंतू जात होता. १९०६ मध्ये सैनिकांचे शेळीचे दूध बंद केले आणि त्यांच्यातला ताप झपाट्याने ओसरला.

इकडे डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बांग यांनी १८९७ मध्ये गाईंच्या गर्भपाताचा जंतू शोधला होता. हे दोन जंतू एकाच कुळातले आहेत हे अमेरिकेतल्या अॅलिस इव्हान्स या बाईंनी १९१८ मध्ये सांगितले आणि दूध तापवूनच प्यावे असा आग्रह धरला. पुष्कळ मोठ्या पंडितांनी ते हसण्यावारी नेले. पुढे प्रयोगशाळेत काम करताना बाईंनाच हा रोग जडला आणि तो अधूनमधून डोके वर काढत त्यांना वर्षानुवर्षे छळत राहिला. शेवटी जगाने त्यांचे म्हणणे मान्य केले.

या रोगाचा स्वभाव असाच आहे. तो शरीरात दडून बसतो. ज्या पांढऱ्या पेशींनी जंतू मारायचा, त्यांच्याच पोटात हा लपतो. ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. रात्री घामाने अंथरूण भिजते. अन्न जात नाही, कंबर धरते, सांधे ठणकतात. पुरुषांत कधी अंडकोश सुजतो. मणक्यात शिरला तर तो पुष्कळदा मणक्याचा क्षय वाटतो. हाडे आणि सांधे ही त्याची आवडती जागा. तिथे धातूचा सांधा असेल तर त्याला लपायला आयतेच घर मिळते. कृत्रिम सांध्यात ब्रुसेला सापडल्याच्या नोंदी १९८० च्या दशकापासून वैद्यकीय नियतकालिकांत येत आहेत. त्या मोजक्याच आहेत. पण त्या रोग्यांत मेंढपाळ, जनावरे पाळणारे आणि कच्चे दूध किंवा त्याचे पदार्थ खाणारे पुन्हा पुन्हा भेटतात.

तो आत कसा येतो?

पहिली वाट तोंडाची. कच्चे दूध, कच्च्या दुधाचे लोणी किंवा चीज. धारोष्ण दूध ताकद देते असे आपल्या आजोबा-पणजोबांनी मानले. त्यांचा दोष नाही, त्यांच्यापुढे ही माहिती नव्हती. आपल्यापुढे ती आहे. डेंगीची साथ आली की शेळीचे कच्चे दूध शोधत लोक फिरतात, तेही असेच. ते दूध उकळल्यावाचून कुणाला देऊ नका. दूध चांगले उकळले की हा जंतू मरतो. उकळून विरजण लावलेले दही आणि डेअरीचे प्रक्रिया केलेले दूध यांची भीती नाही. चिकाचा खरवसही नीट वाफवून शिजवलेलाच खावा. कच्चा चीक चाखू नये.

दुसरी वाट हाताची. गाय अडली की आपण हात घालतो, वार ओढून काढतो, वासरू पुसतो. गाभडलेला गर्भ, वार आणि अंगावरून जाणारा स्राव यांत हा जंतू अमाप असतो. हाताच्या भेगा, विळ्याचे ओरखडे, नखाजवळची सोललेली कातडी एवढी जागा त्याला पुरते.

तिसरी वाट डोळ्यांची आणि श्वासाची. स्रावाचा शिंतोडा डोळ्यात उडाला किंवा वाळलेल्या घाणीची धूळ नाकात गेली तरी लागण होते.

गुडघा काय सांगतो?

नवा सांधा बसवून महिने किंवा वर्षे लोटली आहेत, चालणे छान सुरू आहे, आणि मग हळूहळू दुखणे सुरू होते. गुडघा थोडा कोमट लागतो, सूज येते, कधी जुन्या टाक्यांपाशी छिद्र पडून पाणी किंवा पू येतो. सोबत बारीक ताप, रात्रीचा घाम. ब्रुसेला आरडाओरडा करत येत नाही, तो पावलांचा आवाज न करता येतो. म्हणून घरचे म्हणतात, वय झाले, थंडी आहे, तेल चोळा. असे करू नका. बसवलेला सांधा नव्याने दुखू लागला की ज्यांनी तो बसवला त्या डॉक्टरांकडे जा. मालिश नको, शेक नको. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या तर मुळीच नकोत. अर्धवट गोळ्यांनी जंतू मरत नाही, मात्र तपासणीत तो सापडेनासा होतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. डॉक्टरांना आपण होऊन सांगा, "साहेब, आमच्याकडे गुरे आहेत. मागे गाय गाभडली होती. वार मी काढली होती. घरी कच्चे दूध पितात." यात लाजण्यासारखे काही नाही. शहरातल्या डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे तुमचा गोठा नसतो. हे एक वाक्य कळले तर ते ब्रुसेलासाठी रक्ताची वेगळी तपासणी करतात आणि सांध्यातले पाणी प्रयोगशाळेत पाठवताना तशी सूचना देतात. हा जंतू सावकाश वाढतो. सांगितले नाही तर नमुना लवकर टाकून देण्याचा संभव असतो. शिवाय तो प्रयोगशाळेतल्या माणसांनाही लागतो, म्हणून त्यांना आधी कळलेले बरे.

उपचार आहे, पण तो लांबचा आहे. साध्या ब्रुसेलाच्या तापातही दोन औषधे निदान सहा आठवडे घ्यावी लागतात. सांध्यात शिरला तर तेच काही महिने चालते. सांधा हाडाला घट्ट धरून असेल तर काही रोगी नुसत्या औषधांवर बरे झाले आहेत. तो सैल झाला असेल तर काढावा लागतो. मग काही काळ औषध मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा ठेवतात आणि जंतू गेल्याची खात्री झाल्यावर पुन्हा नवा सांधा बसवतात. म्हणजे दोन शस्त्रक्रिया आणि मधले लंगडे महिने. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या तर सारे पहिल्यापासून. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा, हा रोग माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही. आजारी आईला वेगळे ताट-वाटी देऊन दूर बसवू नका.

कुत्रे, मांजर आणि इतर

घटसर्प आपल्याला माहीत आहे. पावसाळ्यापूर्वी आपण त्याची लस टोचून घेतो. ज्या पाश्चुरेला जंतूने घटसर्प होतो, त्याच जातीचे दुसऱ्या प्रकारचे जंतू मांजरांच्या आणि कुत्र्यांच्या तोंडात राहतात. मांजराने चावले, बोचकारले किंवा कुत्र्याने जखम चाटली तर ते रक्तात उतरतात आणि बसवलेल्या सांध्यापर्यंत पोहोचल्याची उदाहरणे आहेत. ब्रुसेला हळू येतो, हा धावत येतो. चावल्यावर एक-दोन दिवसांत जागा लाल होते, सुजते, ठणकते.

म्हणून कृत्रिम सांधा असलेल्या माणसाला कुत्रे-मांजर चावले तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. चुना, मिरची, हळद लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्या आणि "माझा गुडघा बदललेला आहे" हे सांगा, म्हणजे डॉक्टर प्रतिजैविकाचाही विचार करतील. कुत्रे-मांजर हाकलून द्यायची गरज नाही. टाके भरून येईपर्यंत त्यांना अंथरुणावर घेऊ नका आणि कोणतीही जखम चाटू देऊ नका, एवढे पुरे.

कोंबड्यांच्या विष्ठेतून येणारा साल्मोनेला, गाईंच्या प्रजनन मार्गातला कॅम्पायलोबॅक्टर, डुकरे आणि मासे हाताळताना हाताला लागणारा एरिसिपेलोथ्रिक्स हेही कधीमधी सांध्यात सापडले आहेत. सर्वांवर पहिला उपाय एकच. काम झाले की साबणाने हात धुवा आणि जखम झाकून ठेवा.

गोठ्यात काय करावे?

गोठा निरोगी तर घर निरोगी. या रोगाला जनावरांत खात्रीचा औषधोपचार नाही. लस मात्र आहे. गाई-म्हशींच्या चार ते आठ महिने वयाच्या कालवडींना आणि पारड्यांना ती आयुष्यात एकदाच टोचतात. नर वासरांना आणि गाभण जनावरांना देत नाहीत. लाळ्या-खुरकत आणि ब्रुसेला या दोन रोगांविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेतून सुरू झाला आणि त्यात ही लस सरकारतर्फे दिली जाऊ लागली. कालवडीचा जन्म झाला की तारीख भिंतीवर लिहा आणि चार महिने भरले की पशुवैद्यकीय दवाखान्यात नोंद करा. ही लस जिवंत जंतूची असते, म्हणून टोचण्याचे काम पशुवैद्यकालाच करू द्या. तिची सुई किंवा बाटली घरच्यांनी हाताळू नये.

जनावर गाभडले तर त्याला ताबडतोब वेगळे बांधा आणि पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा. गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नका. हातमोजे नसतील तर जाड प्लॅस्टिकची पिशवी कोपरापर्यंत चढवा, तोंडाला फडके बांधा. नमुना घ्यायचा की नाही ते अधिकारी ठरवतील. त्यानंतर गर्भ, वार आणि खाली भिजलेली वैरण चार-पाच फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. जागा फिनेल किंवा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा. उकिरड्यावर टाकले तर कुत्री ओढून गावभर नेतात. काही भागांत गाईची वार गोणपाटात बांधून वडाला टांगण्याची चाल आहे. त्यामागची भावना समजते, पण त्या पोत्यातून गळणारे पाणी आणि ते फाडणारे कावळे-कुत्री काय पसरवतात याचा विचार करा. वार जमिनीत पुरली तर गाईचे दूध आटत नाही.

आता एक कडू गोष्ट. गाय गाभडली की पुष्कळ जण गुपचूप ती बाजारात नेतात. घेणारा विचारतो, "कितव्या वेताची?" गाभडल्याचे कुणी सांगत नाही. एकदा गाभडलेली गाय पुढच्या वेताला नीट वितेही, पण दुधातून आणि स्रावातून जंतू टाकत राहू शकते. म्हणजे आपण गाय विकत नाही, दुसऱ्याच्या गोठ्यात रोग नेऊन बांधतो. त्या घरातही कुणाची तरी आई नवा गुडघा घेऊन बसलेली असेल. दोन पैसे बुडाले तरी चालतील, पण रक्त तपासल्यावाचून असे जनावर विकू नका. घेतानाही तपासणी करूनच घ्या आणि महिनाभर वेगळे बांधा. रोग असलेल्या वळूपासूनही धोका असतो, तेव्हा कृत्रिम रेतन केंद्राचा मार्ग बरा.

घरातल्या कामाची वाटणी

शेवटचा मुद्दा गोठ्यातला नसून घरातला आहे. गुडघा बदलून आलेली बाई महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा धारेला बसते, कारण दुसरे कुणी ती काढत नाही. उकिडवे बसणे नव्या गुडघ्याला मानवत नाही आणि भरत आलेल्या जखमेला शेणामुताची जागा बरी नाही. बाळंत गाईपाशी तर तिने जाऊच नये. हे काम मुलाने, सुनेने, नवऱ्याने वाटून घ्यावे. शस्त्रक्रियेला पैसे जमवताना सारे घर एकत्र येते, तसे नंतर धारेची चरवी उचलायलाही यावे. मधुमेह असणाऱ्यांनी आणि आमवातासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी अधिकच जपावे, कारण त्यांच्या शरीराची झुंजण्याची ताकद कमी असते. शस्त्रक्रिया ठरवताना मागे चढ-उताराचा ताप येऊन गेला असेल तर तोही डॉक्टरांना आधीच सांगावा.

हे कापून गोठ्याच्या दाराला लावा

१. दूध उकळल्यावाचून कुणीही पिऊ नये.

२. गाभडलेला गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नये, चुना टाकून पुरावी.

३. चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला आणि पारडीला ब्रुसेलाची लस टोचून घ्यावी.

४. गाभडलेले जनावर तपासणीशिवाय विकू नये आणि घेऊही नये.

५. कुत्रे-मांजर चावले तर पंधरा मिनिटे साबण-पाणी, मग दवाखाना.

६. बसवलेला सांधा दुखू लागला तर तेल नको, गोळी नको. डॉक्टरांकडे जावे आणि गोठ्याची हकीकत सांगावी.

यातल्या कोणत्याही गोष्टीला फारसा पैसा लागत नाही. चुना, साबण, फिनेल आणि चुलीवरचे एक उकळते पातेले एवढेच साहित्य आहे. कालवड चार महिन्यांची झाली असेल, तर येत्या बाजाराच्या दिवशी जाता जाता पशुवैद्यकीय दवाखान्यात तिचे नाव घालून या.